विचर ३ नेमका कुठल्या दुकानातून घ्यावा? मदत हवी आहे

मंडळी,

गेल्या रविवारी लॅमिंग्टन रोडवरून पीसी जोडून आणला. गिरगावातली आमची खोली ती केवढी! कॅबिनेट सध्या देव्हाऱ्याखाली आहे. आई काही बोलत नाही, पण बघते.

आता पहिला गेम विचर ३ घ्यायचा ठरवलाय आणि तिथेच अडलोय, कारण तो स्टीम, एपिक आणि गॉग या तिन्ही ऑनलाइन दुकानांत मिळतो. ठाण्याचा भाचा म्हणतो, "मामा, स्टीमवर घे, मलाही खेळता येईल." एपिकवर माझं खातं आधीपासून आहे. मे २०२० मध्ये जीटीए ५ हा गेम फुकट वाटत होते तेव्हा उघडलं होतं. तेव्हाच्या लॅपटॉपवर तो चालणार नाही हे माहीत होतं, तरी घेऊन ठेवला.

मला न उलगडलेली गोष्ट अशी: स्टीम विक्रीतले ३० टक्के कापतं, एपिकचं दुकान २०१८ मध्ये आलं तेच १२ टक्के सांगत. मग एपिकवर गेम स्वस्त का नाहीत? भाजीवाल्याचा हप्ता कमी झाला तर भाजी उतरायला नको का?

जाणकारांनी सांगावं.

कटिंगचहा:
नाही उतरत. किंमत दुकान नाही, प्रकाशक ठरवतो. वाचलेले पैसे त्याच्याच गल्ल्यात जातात. शिवाय स्टीमचे ३० सरसकट नाहीत. एका गेमची कमाई १ कोटी डॉलरच्या वर गेली की पुढच्या विक्रीवर २५, ५ कोटींच्या वर २० टक्के. हे टप्पे त्यांनी एपिकचं दुकान उघडायच्या तोंडावरच जाहीर केले, योगायोग बघा! गिऱ्हाइकाला फायदा झाला तो फुकट गेम आणि सेलमधल्या कूपनांचा. बाकी एपिकच्या दुकानात साधी शॉपिंग कार्ट यायला डिसेंबर २०२१ उजाडला, त्यावरून काय ते समजा.

मुलुंडकर:
भाच्याच्या बोलण्यात येऊ नका. स्टीम फॅमिलीज म्हणजे घरच्यांनी एकमेकांचे गेम खेळायची सोय; त्यात सहा जण बसतात, पण एकाच घरात राहणारे. गिरगाव आणि ठाणे हे एक घर नव्हे. आणि एक प्रत दोघांना एकाच वेळी खेळता येत नाही. त्यात भाच्याने तुमच्या प्रतीवर ऑनलाइन चीटिंग केली, तर त्या गेममध्ये बंदी तुमच्यावरही येते.

मी गॉग सुचवेन. इन्स्टॉलर उतरवून हार्ड डिस्कवर ठेवता येतो, डीआरएम (कॉपी रोखणारं कुलूप) नाही, इंटरनेट नसलं तरी चालतो. स्टीमवर आपण घेतो ते लायसन्स, म्हणजे नुसती खेळायची परवानगी. परतीचंही बघा: स्टीमवर १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत. गॉग ३० दिवस देतं, आणि खेळून झाला असला तरी.

धागाकर्ता:
दोन तासांत माझं कंट्रोल सेटिंगच होईल, त्यामुळे ३० दिवस बरे. गॉगच घेतो. भाच्याला सांगतो, सुट्टीत गिरगावात ये आणि इथेच बसून खेळ. फक्त एक, सेव्ह (खेळ कुठवर आला त्याच्या फाइली) क्लाउडवर जातात का तिथे? दोन वर्षांपूर्वी हार्ड डिस्क गेली होती, तेव्हापासून धसका घेतलाय.

मुलुंडकर:
गॉगचं गॅलक्सी ॲप लावलात तर जातात. नुसत्या ऑफलाइन इन्स्टॉलरवर खेळलात तर सेव्हचं फोल्डर स्वतः उचलून ठेवायचं.