रिझाल यांच्या पुतळ्याला ओव्हरकोट असावा का?

मोजपट्टी यांचा प्रश्न

नमस्कार. मी कॅनडाच्या एका प्रेअरी प्रांतात वास्तुरचनेच्या कार्यालयात काम करतो. आमच्या शहरात फिलिपिनो समाज मोठा आहे, आणि त्यांच्या एका समितीने सार्वजनिक बागेत फिलिपिन्सचे राष्ट्रवीर मानले जाणारे लेखक डॉ. होसे रिझाल यांचे स्मारक उभारायचे ठरवले आहे. समितीच्या खजिनदार बाई माझ्या शेजारी राहतात व रुग्णालयात परिचारिका आहेत. आम्ही सगळेच त्यांना ‘आते’ म्हणतो. आपल्या आतेशी या शब्दाचा संबंध नाही, टागालोग या फिलिपिन्समधील भाषेत थोरल्या बहिणीला तसे म्हणतात. महापालिकेचे अर्ज आणि नकाशे पाहण्यासाठी त्यांनी मला बैठकीला बोलावले, आणि तेव्हापासून मी या कामात मनापासून गुंतलो आहे.

चार वर्षे हा निधी चर्चच्या तळघरात पान्सित (नूडल्स) आणि लुंपिया (सारण भरलेली गुंडाळी) हे फिलिपिनो पदार्थ विकून जमतो आहे. आतेंनी देणग्यांची जी वही ठेवली आहे, तिच्यात पाच डॉलर देणाऱ्याचेही नाव आहे आणि प्रत्येक नावापुढे त्या माणसाचा मूळ प्रांत लिहिलेला आहे : इलोकोस नॉर्ते, पंपांगा, बोहोल, इलोइलो. ती वही चाळताना मला या कामाची जबाबदारी जाणवते.

आता मतभेद असे आहेत. शिल्पकाराने मातीचा नमुना केला आहे, त्यात रिझाल लांब ओव्हरकोट घालून, हातात पुस्तक घेऊन उभे आहेत. काही ज्येष्ठ मंडळींना हा परका पोशाख वाटतो, त्यांना बारोंग, म्हणजे पारंपरिक फिलिपिनो सदरा, हवा आहे. काहींच्या मते अर्धपुतळा पुरे. चौथऱ्यावरचा मजकूर कोणत्या भाषेत असावा, यावरही एकमत नाही, कारण सगळ्यांची मातृभाषा टागालोग नाही. शिवाय ब्राँझ परवडत नसेल तर फायबरग्लास चालेल का, असाही प्रश्न निघाला आहे. मी फिलिपिनो नाही, म्हणून मत देण्यापूर्वी जाणकारांकडून समजून घ्यावे असे वाटते.

मनिलाकर यांचे उत्तर

मी नोकरीनिमित्त काही वर्षे मनिलात होतो आणि लुनेता बागेतील स्मारकावरून रोज जात असे. ओव्हरकोटाचा वाद तिथलाच आहे. 1901 साली कायदा क्रमांक 243 अन्वये त्या स्मारकासाठी सरकारी जागा मिळाली, पैसा मात्र लोकवर्गणीतून उभा राहिला. जागतिक स्पर्धेत पहिले पारितोषिक इटलीच्या कार्लो निकोली यांना मिळाले, परंतु काम अखेर दुसऱ्या क्रमांकावरील स्विस शिल्पकार रिशार्ड किसलिंग यांच्याकडे गेले. 30 डिसेंबर 1913 रोजी, स्पॅनिश राजवटीने रिझाल यांना गोळ्या घातल्या त्याला सतरा वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, त्याचे अनावरण झाले. मनिलाच्या उकाड्यात हा माणूस लोकरी कोट घालून का उभा आहे, असा आक्षेप पुढे वारंवार घेतला गेला, आणि मनिलापुरता तो मला रास्त वाटतो.

तुमच्या शहराचे तसे नाही. रिझाल यांनी 3 मे 1882 रोजी मनिला सोडले तेव्हा ते वीस वर्षांचे होते. माद्रिदमध्ये वैद्यक शिकून, पॅरिस व हायडेलबर्ग येथे नेत्रचिकित्सेचा अनुभव घेऊन ते बर्लिनला पोहोचले. 1886–87 चा तो हिवाळा त्यांनी फार हलाखीत काढला. थोरले भाऊ पासियानो घरून पैसे पाठवत, पण उसाच्या शेतीवर संकट आले की तेही लांबत. जेवणाला काट मारावी लागे, प्रकृती खालावली होती, आणि ‘नोली मे तांगेरे’ या त्यांच्या कादंबरीचे हस्तलिखित तयार असूनही छपाईसाठी हातात काही नव्हते. मित्र मॅक्सिमो व्हियोला यांनी 300 पेसो उसने दिले, तेव्हा कुठे मार्च 1887 मध्ये दोन हजार प्रती निघाल्या. कोट हा त्या दिवसांचा आहे.

त्या काळी पैसा कालांबा या रिझाल यांच्या गावाहून परदेशातल्या मुलाकडे येत असे. आज तुमच्या आते आणि त्यांच्यासारखी असंख्य माणसे परदेशातून गावी पैसे पाठवतात. दिशा उलटी झाली, तरी महिनाअखेरीची काळजी तीच आहे. घर सोडून थंड मुलखात राहिलेले, पत्राची वाट पाहणारे रिझाल हे या समाजाचे सर्वांत जवळचे रिझाल आहेत, असे मला ठामपणे वाटते. कोट ठेवावा. उणे तीस अंशांत बसथांब्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ कोणी सांगावा लागणार नाही.

एक विनंती आहे. लुनेताची हुबेहूब नक्कल करू नये. माद्रिदमध्ये तशी प्रतिकृती आहे आणि एका राजधानीला ती शोभते. पण मूळ स्मारकाखाली रिझाल यांच्या अस्थी आहेत आणि त्या उंच स्तंभाला त्यामुळे गांभीर्य आहे. तुमच्या बागेत चौथरा कमी उंचीचा असावा, जेणेकरून लहान मुलाला त्यांच्या हातातले पुस्तक नीट दिसेल.

कोनशिला यांचे उत्तर

मनिलाकर यांचे म्हणणे मला पटते, मात्र माणसाची आकृती अपरिहार्य आहे असे समितीने धरून चालू नये. रिझाल यांचे पहिले स्मारक कामारिनेस नॉर्तेमधील दाएत येथे 1898 साली लोकवर्गणीतून उभे राहू लागले, त्यावर पुतळाच नाही. तो साधा पायऱ्यापायऱ्यांचा दगडी स्तंभ आहे आणि त्यावर त्यांच्या ग्रंथांची नावे कोरलेली आहेत. निधी कमी पडला तर यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

भाषेबद्दल थोडे सविस्तर लिहितो. रिझाल यांनी आपली शेवटची कविता स्पॅनिशमध्ये लिहिली. 29 डिसेंबर 1896 रोजी कोठडीत भेटायला आलेल्या बहिणीला, त्रिनिदादला, त्यांनी एक छोटा स्पिरिटचा स्टोव्ह दिला आणि पहारेकऱ्यांना कळू नये म्हणून आत काहीतरी आहे असे इंग्रजीत सांगितले. आत चौदा कडव्यांचा तो कागद होता, त्याला शीर्षकही नव्हते. पुढे त्या कवितेचा टागालोग अनुवाद झाला, तो स्पॅनिश सत्तेविरुद्धच्या सशस्त्र उठावाचे नेते आंद्रेस बोनिफासिओ यांच्या नावे ओळखला जातो. शस्त्र उचलणारे बोनिफासिओ हेच खरे राष्ट्रवीर, असे मानणारे तुमच्या समितीतही असतील आणि त्यांचा मुद्दा हलका नाही; रिझाल यांना राष्ट्रवीर ठरवणारा कायदाही फिलिपिन्समध्ये झालेला नाही, लोकांनीच त्यांना ते स्थान दिले. म्हणून एक कडवे मूळ स्पॅनिशमध्ये आणि शेजारी तेच बोनिफासिओ यांच्या टागालोगमध्ये कोरावे, म्हणजे दोघेही एका दगडावर येतील. राहिला प्रश्न इलोकानो, सेबुआनो व हिलिगायनोन बोलणाऱ्यांचा. त्याचे उत्तर आतेंच्या वहीतच आहे असे मला वाटते : वहीतील सर्व प्रांतांची नावे चौथऱ्याभोवती एका ओळीत कोरावीत.

ओतकाम यांचे उत्तर

मी फक्त साहित्याविषयी लिहितो. ब्राँझचा रंग दिलेला फायबरग्लास उन्हाने फिका पडतो आणि गोठण-वितळणीच्या चक्रात त्याला तडे जातात. ज्या लोकांनी पाच-पाच डॉलर दिले, त्यांना हे दहा वर्षांत पाहावे लागू नये. पूर्णाकृती ब्राँझ परवडत नसेल तर अर्धपुतळा करावा, पण ब्राँझचाच करावा. रस्त्यावरचे बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठ ब्राँझ व दगड दोन्हींना खाते, म्हणून जागा मुख्य रस्त्यापासून आत घ्यावी आणि दरवर्षी पुतळा धुऊन त्यावर मेणाचा थर द्यावा. पाया जमीन गोठते त्या पातळीच्या खाली न्यावा, नाहीतर चौथरा उचलला जाऊन तिरका होतो. सार्वजनिक जागेतले स्मारक बहुधा महापालिकेच्या मालकीचे होते, त्यामुळे देखभाल कोण करणार हे करारात आधीच लिहून घ्यावे आणि त्यासाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवावी.

मोजपट्टी

आपणा सर्वांचे आभार मानतो. काल बैठक झाली. उत्तरांचा आशय मी इंग्रजीत वाचून दाखवला, आणि बर्लिनच्या हिवाळ्याचा भाग संपल्यावर बारोंगचा आग्रह धरणारे आजोबा म्हणाले की ते स्वतः इथे आले तेव्हा पहिला कोट एका सहकाऱ्याने उसना दिला होता. कोट राहणार आहे. शिल्पकाराने ओल्या मातीत त्याची कॉलर बोटभर वर केली, वाऱ्यात करतो तशी.

पुतळा ब्राँझचाच होईल, त्यासाठी आणखी एक वर्ष थांबायची तयारी आहे. बोनिफासिओ यांच्या अनुवादाची सूचना कोणत्याही विरोधाविना मान्य झाली. प्रांतांची यादी करताना मात्र आते एका पानावर थांबल्या. एका बारा वर्षांच्या मुलाने वाढदिवसाचे वीस डॉलर दिले होते आणि मूळ प्रांताच्या रकान्यात आमच्याच शहराचे नाव लिहिले होते. थोडी चर्चा झाली, मग त्या नावालाही चौथऱ्यावर जागा द्यायची ठरली, आणि आतेंनी ते यादीत शेवटी लिहून घेतले.