लोकशाही 'शेवटी जिंकतेच' का? चिली १९८८ आणि ब्रह्मदेश १९९०

प्रश्न:
हुकूमशाही कितीही टिकली तरी शेवटी स्वातंत्र्यच जिंकतं, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. मग ब्रह्मदेशात (आजचा म्यानमार) मे १९९० मध्ये ४८५ पैकी ३९२ जागा जिंकूनही आंग सान सू ची यांच्या पक्षाला सत्ता का मिळाली नाही? आणि चिलीत एका सार्वमतावर लष्करी हुकूमशहा पिनोशेला कसं जावं लागलं? दोन्हीकडे लष्करच होतं. जाणकारांनी तपशिलात सांगावं.

प्रतिसाद १:
'जिंकतेच' मधला तो 'च' मला मान्य नाही. चिलीत तयारी जिंकली. १९८८ साली एकाच उमेदवाराबद्दल, म्हणजे पिनोशेबद्दलच, मतदारांना 'हो' की 'नाही' विचारायचं, हे पिनोशेच्याच १९८० च्या राज्यघटनेत होतं. त्याच घटनेखालच्या न्यायालयाने १९८५ मध्ये ठरवलं की हे सार्वमत निवडणूक लवादाच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. जुन्या मतदारयाद्या लष्कराने नष्ट केल्या होत्या. १९८७ मध्ये नवी नोंदणी सुरू झाली, तेव्हा विरोधकांनी बहिष्काराचा विचार बाजूला ठेवून लोकांना नोंदणीला नेलं.

खरी मेख मोजणीत होती. तिथे मतं मतदानाच्या टेबलावरच, सगळ्यांसमोर मोजतात. अशी सुमारे २२ हजार टेबलं होती आणि विरोधकांचे प्रतिनिधी तिथला आकडा उतरवून आपल्या केंद्राला कळवत होते. ५ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सरकारने मोजक्या टेबलांवरून पिनोशे पुढे असल्याचं जाहीर केलं आणि मग आकडे देणंच थांबवलं. विरोधकांकडे तोवर स्वतःची बेरीज तयार होती. मध्यरात्रीनंतर हवाई दलप्रमुख मॅथेई यांनी राष्ट्रपती भवनात शिरतानाच पत्रकारांना सांगून टाकलं की 'नाही' जिंकलं. आत पिनोशेने जादा अधिकार मागितले, तेही त्यांनी नाकारले. ती दुसरी बेरीज नसती तर मॅथेईंना बोलायला आधारच उरला नसता.

प्रतिसाद २:
ब्रह्मदेशात नेमकी ही तयारीच नव्हती. मतमोजणी बऱ्यापैकी स्वच्छ झाली, पण सत्ता कोणत्या तारखेला, कोणाच्या हाती द्यायची हे आधी कुठेच बांधून घेतलेलं नव्हतं. चिलीत पराभवानंतरची निवडणूक आणि सत्तांतर घटनेतच होतं. ब्रह्मदेशात २७ जुलै १९९० ला लष्कराने जाहीर केलं की निवडून आलेल्यांचं काम फक्त घटनेचा मसुदा करणं. सू ची वर्षभर आधीपासून नजरकैदेत होत्या आणि सेनापतींमध्ये एकही मॅथेई निघाला नाही. पुढे २००८ च्या घटनेत लष्कराने संसदेच्या २५ टक्के जागा स्वतःकडे ठेवल्या आणि घटनादुरुस्तीला ७५ टक्क्यांहून जास्त मतं लागतील असं ठरवलं. म्हणजे नकाराधिकार कायमचा. म्हणूनच सू चींच्या पक्षाचा २०१५ चा विजय पांगळा राहिला, आणि २०२० च्या विजयानंतर १ फेब्रुवारी २०२१ ला लष्करी बंड झालं.

प्रतिसाद ३:
चिलीचा विजयही पुरता नव्हता. पिनोशे मार्च १९९८ पर्यंत लष्करप्रमुख होता आणि सिनेटमध्ये नेमलेले सदस्य बसत होते.

आपल्या १९७७ बद्दलही 'देशाने आणीबाणी नाकारली' हे अर्धंच खरं. आंध्रात ४२ पैकी ४१ जागा काँग्रेसनेच जिंकल्या. सक्तीच्या नसबंदीचा राग उत्तरेत होता. माझ्या मते मतपेटीइतकंच महत्त्वाचं काम १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने केलं. आणीबाणी लावण्याच्या कारणांत 'अंतर्गत अशांतता' जाऊन 'सशस्त्र बंड' आलं, मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला आणि महिनाभरात संसदेची विशेष बहुमताने मंजुरी सक्तीची झाली. कलम २१ (जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) आता आणीबाणीतही स्थगित करता येत नाही. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ असा निकाल देऊन स्थानबद्धांना दाद मागण्याचं दार बंद केलं होतं, ते याच कलमाच्या स्थगितीवर बोट ठेवून.