न्हाणीचा उतार चुकलाय त्याबद्दल

टाईल्स बसवल्यावर न्हाणीतलं पाणी जाळीकडं न जाता दाराकडं येतंय असं तुम्ही म्हणालाय आणि मेस्त्री वरनं सिमेंट मारून देतो म्हणतोय, तर तसलं काय करू देऊ नका बघा. वरनं मारलेलं टिकत नाही, टाईल काढूनच उतार परत करायला लागतोय, मीटरला दीडेक सेंटीमीटर तरी पाहिजे. काढलंच आहे तर वॉटरप्रूफिंग पण करून घ्या, नि जाळीला बोळा कोंबून दोन दिवस पाणी तुंबवून ठेवा, खालच्या खोलीचं छत कोरडं राहिलं तरच नवी टाईल. आपल्या बेळगाव-खानापूरकडं जूनपासून जो पाऊस लागतोय त्यात ओल वाळतच नाही, त्यामुळं उन्हाळ्यातच उरका. शेवटचे पैसे दिले नसतील तर धरून ठेवा की, मेस्त्री आपोआप येतोय :)