गोल फिरणाऱ्या सागरी प्रवाहांच्या मधोमध प्लास्टिक का साचते?

प्रश्न :
हवाई बेटे आणि कॅलिफोर्निया यांच्या दरम्यान तरंगणारे प्लास्टिक मोठ्या प्रमाणावर साचले आहे, असे नेहमी वाचनात येते आणि त्याचे कारण म्हणून तेथील चक्राकार प्रवाह सांगितला जातो. नकाशावर पाहिले तर उत्तर विषुववृत्तीय प्रवाह, क्युरोशिओ, उत्तर पॅसिफिक प्रवाह आणि कॅलिफोर्निया प्रवाह मिळून एक वर्तुळ पूर्ण होते. परंतु वर्तुळावरून वाहणारी वस्तू त्याच वर्तुळावर फिरत राहायला हवी, किंबहुना ती बाहेरच ढकलली जायला हवी, असे मला वाटते. मग कचरा आत कसा येतो? आणि त्याच्याबरोबर पाणीही आत येत असेल, तर ते पुढे जाते कुठे?

प्रतिसाद १ :
आपली शंका योग्य आहे, कारण नुसत्या गोल फिरण्याने काहीही मध्यभागी येत नाही. एवढ्या विशाल आणि संथ वर्तुळात, जेथे एका फेरीला काही वर्षे लागतात, बाहेर फेकणारा परिणामही नगण्य असतो. खरे कारण वाऱ्यात आणि पृथ्वीच्या परिवलनात आहे.

१८९३ ते १८९६ या काळात नॉर्वेचे ध्रुवीय संशोधक नान्सेन यांचे ‘फ्राम’ हे जहाज आर्क्टिकच्या बर्फात अडकून वाहत होते. त्या वेळी बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता तिच्या उजवीकडे २० ते ४० अंशांनी कलून सरकतो, असे त्यांच्या लक्षात आले. पुढे स्वीडनचे समुद्रशास्त्रज्ञ एकमन यांनी याचे गणित मांडले. वारा पाण्याचा वरचा थर ओढतो, हा थर उत्तर गोलार्धात उजवीकडे वळतो, तो आपल्याखालच्या थराला ओढतो आणि तो खालचा थर आणखी उजवीकडे वळतो. अशा सर्व थरांची बेरीज केली असता काही दशक मीटर जाडीचे पाणी एकंदरीत वाऱ्याच्या दिशेला काटकोनात सरकते.

आता वर्तुळाकडे पाहू. दक्षिण बाजूला व्यापारी वारे पश्चिमेकडे वाहतात, त्यांच्या उजवीकडे उत्तर दिशा येते. उत्तर बाजूला पश्चिमी वारे पूर्वेकडे वाहतात, त्यांच्या उजवीकडे दक्षिण. म्हणजे दोन्हीकडून पाणी मध्याकडेच लोटले जाते. त्यामुळे तेथील समुद्रपृष्ठ सुमारे एक मीटर उंचावते. या उंचवट्यावरून पाणी उताराने बाहेर वाहू पाहते, पण परिवलनामुळे वळून त्याच्याभोवती फिरू लागते. थोडक्यात, वर्तुळ हे पाणी साठण्याचे कारण नसून परिणाम आहे, आणि नकाशातील बाणांवरून नेमके हेच उमगत नाही.

मध्यभागी जमलेले पाणी अतिशय मंद गतीने, वर्षाला काही दशक मीटर, खाली उतरते. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन समुद्राच्या पाण्यापेक्षा हलके असल्याने त्यांना ही वाट धरता येत नाही. पाणी निघून जाते आणि प्लास्टिक वर राहते.

प्रश्नकर्ता :
मनःपूर्वक आभार. वर्तुळ हा परिणाम आहे, हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. मग अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरातही असा संचय आहे का?

प्रतिसाद २ :
असे पाच मोठे उपोष्ण (उष्ण कटिबंधालगतचे) चक्राकार प्रवाह आहेत : पॅसिफिक आणि अटलांटिकमध्ये प्रत्येकी दोन, तर हिंदी महासागरात एकच, आणि तोही विषुववृत्ताच्या दक्षिणेस. उत्तर हिंदी महासागर जमिनीने बंदिस्त आहे आणि तेथील वारे मोसमाबरोबर दिशा बदलतात, त्यांच्यामागोमाग प्रवाहही उलटतात. एकाच जागी वर्षानुवर्षे पाणी लोटणारा वारा नसल्याने कायमचा संचय तेथे होत नाही. त्यामुळे हा समुद्र स्वच्छ आहे असे मात्र समजू नये; तेथील कचऱ्याचा बराच भाग पुन्हा किनाऱ्यांनाच लागतो.

प्रतिसाद ३ :
वरील विवेचनाला एक पुरवणी आवश्यक वाटते, कारण ‘प्लास्टिकचे बेट’ या शब्दांनी फार गैरसमज पसरवला आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार उत्तर पॅसिफिकमधील हे क्षेत्र सुमारे १६ लाख चौरस किलोमीटर असून त्यात किमान ७९ हजार टन प्लास्टिक आहे. भागाकार केला तर चौरस मीटरला जेमतेम ५० मिलिग्रॅम येतात. तेथून जाणाऱ्या जहाजावरून बहुधा निळे पाणीच दिसते. तुकड्यांच्या संख्येत सुमारे ९४ टक्के वाटा सूक्ष्मप्लास्टिकचा आहे, पण वजनात तो केवळ ८ टक्के भरतो. वजनाचा जवळजवळ निम्मा भाग मासेमारीच्या जाळ्यांचा आहे.

शिवाय प्रत्येक वस्तू सारखी वाहत नाही. पाण्याबाहेर डोके काढणाऱ्या वस्तूला वारा थेट ढकलतो, तर बुडालेले जाळे प्रवाहाबरोबरच जाते. जानेवारी १९९२ मध्ये उत्तर पॅसिफिकमध्ये एका जहाजावरून सुमारे २९ हजार तरंगती खेळणी समुद्रात पडली आणि त्यांपैकी काही त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अलास्काच्या किनाऱ्याला लागली. ती मध्यभागी गेली नाहीत. बारीक कणांची गोष्ट वेगळीच आहे. जोराचा वारा सुटला की लाटांच्या घुसळणीने ते काही मीटर खाली जातात आणि मोजणीसाठी पृष्ठभागावरून ओढलेल्या जाळीत कमी सापडतात. म्हणूनच अशा मोजणीचे आकडे त्या वेळच्या वाऱ्याचा वेग पाहूनच तुलनेला घ्यावे लागतात.