पेज, गरम पाणी आणि ओली वाळू

वरती ज्यांनी लिहिलंय की संध्याकाळी घरी आलं की पाय दगडासारखे होतात आणि सहाला चहा घेतला तर रात्री झोप लागत नाही, त्यांच्यासाठी. चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण ५ तास लागतात, म्हणजे सहाचा चहा अकरालासुद्धा अंगात असतोच, तो आधी दुपारी चारच्या आत आणा.

मी गुहागरची, दिवसभर दुकानात उभी असते. आपल्याकडे हवा एवढी दमट की घाम सुकतच नाही, नुसता वाहतो आणि त्याबरोबर पाणी नि मीठ दोन्ही जातं, मला वाटतं आपला अर्धा थकवा तोच असतो. म्हणून आल्याआल्या मी वाटीभर कोमट पेज घेते, उकड्या तांदळाची, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप नि लोणच्याची फोड. जरा वेळाने जिवात जीव येतो अक्षरशः. (बीपीवाल्यांनी मीठ जपून.)

मग बादलीत गरम पाणी, घोटे बुडतील एवढं, पाय सोडून बसायचं, मोबाईल आत ठेवून. पायातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंगातली उष्णता बाहेर पडते आणि त्यानेच झोप यायला मदत होते. शुगर असेल तर पाणी आधी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी हात घालून बघू दे, माझ्या आईला चटका कळलाच नव्हता, फोड भरायला महिना गेला. नंतर पाय पुसून तळव्यांना खोबरेल, टाचेकडून बोटांकडे अंगठ्याने दाबत.

आणि समुद्र जवळ असेल तर ओहोटीला ओल्या वाळूवरून चाला, कोरड्या वाळूत पोटऱ्या भरून येतात.