थोरवी खरंच प्रत्येकाच्या आत असते का?

सांजवात
शेवटच्या अवस्थेतल्या रुग्णांची शुश्रूषा करते मी, चौदा वर्षं झाली. गेल्या महिन्यात एक आजोबा होते, बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. रात्री तीनच्या सुमाराला त्यांची कूस बदलायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं आणि बोटाने शेजारच्या खाटेकडे दाखवलं. तिथला मुलगा उशीचं टोक दातात धरून रडत होता. मला ऐकूच आलं नव्हतं. "आधी तो," एवढंच म्हणाले.

हे गृहस्थ जन्मभर तापट आणि हिशेबी, असं त्यांच्या मुलीनेच मला सांगितलं होतं. मग त्या रात्री हे कुठून आलं? स्वतःच्या पलीकडे जाणं म्हणतात ते मला असंच दिसतं. 'मी' जरा बाजूला सरतो आणि मागे झाकलेलं दिसू लागतं. माझं ठाम मत आहे, हे प्रत्येकात असतं. अपवाद नाही.

कातळ
प्रसंग मनाला भिडला. पण 'अपवाद नाही' हे मला मान्य नाही.

मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रम यांनी अमेरिकेतल्या येल विद्यापीठात 1961 साली सुरू केलेले प्रयोग आठवा. समोरच्याचं उत्तर चुकलं की त्याला विजेचा झटका द्यायचा, दर वेळी आधीपेक्षा जोराचा. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. 40 पैकी 26 जण शेवटच्या 450 व्होल्टपर्यंत गेले. का, तर शेजारी बसलेला माणूस 'पुढे चालू ठेवा' म्हणत होता. ही चारचौघांसारखीच माणसं होती.

आणि माझा राग निव्वळ तात्त्विक नाही. माझ्या बहिणीला नैराश्य होतं. एका शिबिरात तिला सांगितलं, "तू आतून पूर्ण आहेस, गोळ्या कशाला?" तिने गोळ्या बंद केल्या. चार महिन्यांनी तिला दवाखान्यात भरती करावं लागलं. पण मला जास्त लागलं ते तिचं बोलणं: "मी पूर्ण आहे ना, मग मला अंथरुणातून उठवत का नाही? म्हणजे दोष माझाच."

अनाहत
कातळ, बहिणीच्या बाबतीत जे झालं तो गुन्हाच आहे. गोळ्या बंद करायला सांगणारा अध्यात्म बोलत नव्हता.

पण मिलग्रम यांचं अर्धंच सांगितलंत. त्याच मालिकेतल्या दुसऱ्या एका प्रयोगात सोबतीला आणखी दोघे बसवले होते, आणि ठरल्याप्रमाणे ते मध्येच 'आम्ही हे करणार नाही' म्हणून उठले. तेव्हा 40 पैकी फक्त 4 जण शेवटपर्यंत गेले. माणसं तशीच, खोलीही तशीच.

कातळ
मग हे माझ्याच बाजूचं झालं की! फरक परिस्थितीने पडला, आतल्या कुठल्या ज्योतीने नाही.

सांजवात
बहिणीबद्दल वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. 'तू पूर्ण आहेस' हे वाक्य आजारी माणसाच्या तोंडावर फेकणं ही क्रूरता आहे. यात मी पूर्णपणे तुमच्या बाजूची.

तरी छांदोग्य उपनिषदातला श्वेतकेतू पाहा. बारा वर्षं शिकून चोविसाव्या वर्षी घरी येतो तो ताठ्यातच. वडील उद्दालक त्याला वडाचं फळ फोडायला लावतात, मग त्यातली बारीकशी बी फोडायला लावतात आणि विचारतात, काय दिसतं? "काहीच नाही." त्या काहीच-नाहीतूनच हा एवढा वड उभा आहे, आणि तेच तू आहेस, असं ते सांगतात. म्हणजे मुलाचा ताठा उतरवायलाच ही शिकवण आली. ती वापरून कुणी दुसऱ्याला दोषी ठरवत असेल तर त्याला ती कळलेलीच नाही.

आणि परिस्थितीचं म्हणाल, तर काडी ओढल्याशिवाय पेटत नाही हे खरंच. पण दगडावर दगडाचा तुकडा कितीही ओढा.

कातळ
दगडावर दगड घासूनही ठिणगी पडते, बरं का. आणि वडाच्या लाखो बिया मातीत पडतात, झाड एखाद्या बीचं होतं. उरलेल्यांना 'तुमच्यातही वड आहे' म्हणून त्यांना काय मिळालं? मी तरी आधी ओलावा कुठे आहे ते बघेन. औषध, झोप, ऐकून घेणारं एखादं माणूस.

अनाहत
ज्ञानेश्वरांनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितलेला नाही, त्यांच्यातला वाकडेपणा जावा एवढंच मागितलं आहे. वाकडेपणा गेल्यावर मागे काहीतरी उरतं, हे त्यात धरलेलंच आहे. 26 जणांकडे मी तसं बघतो. त्यांनी केलं ते माफ होत नाही, पण त्यांच्यावर कायमची फुलीही मारवत नाही.

सांजवात
कातळ, बहीण आता कशी आहे?

कातळ
बरी आहे. गोळ्या चालू आहेत. दर बुधवारी अशाच आजारातल्या लोकांचं ऐकायला जाते. परवा विचारलं, एवढं बळ कुठून आणतेस? म्हणाली, "माहीत नाही रे. माझं एकीने ऐकलं होतं." मी याला उपकाराची परतफेड म्हणतो. तुम्ही थोरवी म्हणणार, ते ठाऊक आहे. म्हणा.