खोलातून काढलेली चिलापी फुगते पण रोहूला काही होत नाही, असं का?

गळकरी: आमच्याकडच्या धरणावर भिंतीच्या बाजूला पाणी बरंच खोल आहे, तिथे तळाशी गळ टाकला की कधीकधी चिलापी लागते आणि वर येईपर्यंत तिचं पोट टम्म फुगलेलं, डोळे बाहेर आलेले. रोहू तिथूनच काढला तरी एकदम तरतरीत. पाण्याचा दाब दोघांनाही सारखाच ना? मग फरक कशामुळे? आणि हळू ओढलं तर चिलापी वाचेल का?

तळ्याकाठी: दाब सारखाच, पण पोटातली हवेची पिशवी वेगळी. माशाचं बाकी अंग जवळपास पाणीच, ते दाबाने फारसं दबत नाही, त्यामुळे सगळा खेळ या पिशवीचा. रोहू, कटला, मृगळ यांच्या पिशवीपासून घशापर्यंत एक बारीक नळी असते, वर येताना हवा फुगायला लागली की ते तोंडावाटे सोडून देतात. रोहू वर येताना पाण्यात बुडबुडे दिसतात ना, त्यात ही हवाही असते. चिलापीला ती नळीच नसते. तिची पिशवी बंद, गॅस रक्तातून आत येतो आणि रक्तातच परत जातो, याला कित्येक तास लागतात. म्हणून हळू ओढून काही उपयोग नाही, तेवढा वेळ कोण गळ धरून बसणार.

मत्स्यशेती_नाद: वरच्या उत्तरात थोडी भर. दर 10 मीटरला साधारण 1 वातावरणाचा दाब वाढतो, म्हणजे 40 मीटरवरून 30 वर आलं तर पिशवीतली हवा सव्वापट होते पण 10 मीटरवरून पृष्ठभागावर आलं तर थेट दुप्पट! घाट चढताना वेफर्सचं पाकीट फुगतं तसंच, फक्त इथे प्रकार फार जोरात. त्यामुळे खरा धोका शेवटच्या काही मीटरमध्ये असतो आणि उथळ पाण्यातल्या माशालाच खोली जास्त सांभाळावी लागते, हे मला फार विलक्षण वाटतं.

गळकरी: भारी माहिती, धन्यवाद दोघांनाही! मग पावसाळ्यात धरण भरतं, पाणी कितीतरी मीटर चढतं, तेव्हा तळातल्या चिलापीचं काय?

तळ्याकाठी: काही नाही होत, पाणी चढायला दिवस लागतात आणि मासा काही तळाला बांधलेला नसतो, आपल्याला झेपेल त्या खोलीला पोहत राहतो. वाईट हाल होतात वीजनिर्मितीच्या टर्बाइनमधून जाणाऱ्या माशांचे, तिथे दाब सेकंदाच्या आत धाडकन उतरतो, रोहूलाही हवा सोडायला पुरेसा वेळ मिळत नाही, पिशवी फुटते. यावर आपल्याकडे बोललं गेलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

मत्स्यशेती_नाद: आणि ज्याला पिशवीच नाही त्याला ही कटकटच नाही. रशियातल्या बैकाल सरोवरात गोलोम्यांका नावाचा गोड्या पाण्यातला मासा आहे, अंगात भरपूर चरबी, तीच त्याला तरंगवते, दीड किलोमीटरपेक्षा जास्त खोल जातो. बाकी गळकरी, फुगलेली चिलापी परत पाण्यात सोडू नका, ती आपल्याकडची नाहीच, 1952 साली बाहेरून आणलेली, घरी न्या आणि खा.